तुशिनच्या दोन तोफा

कादंबरी हातात घेतली की आधी नायक शोधायचा, ही सवय मला कधी लागली ते सांगता येणार नाही. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा' अशा पुस्तकांवर आमची पिढी पोसली. तिथं नायक शोधावा लागतच नाही, तो मुखपृष्ठावरच उभा असतो. त्याच्या वाट्याला अपमान येतात, घात होतात, मरण येतं. पण त्याचा पिंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच. कर्णाचं नशीब पालटतं, कर्ण पालटत नाही. एवढ्या शिदोरीवर मी निवृत्तीनंतर टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' वाचायला घेतली, तीही इंग्रजीतून. शंभरावर पानं उलटली तरी नायकाचा पत्ता नाही म्हटल्यावर हवालदिल झाले.

पुस्तक वाचनालयातलं. लुईस आणि एल्मर मॉड या जोडप्यानं केलेला अनुवाद. हे दोघं टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते हे वाचून मी हुरळले होते. ग्रंथपालांनी तारखेचा शिक्का मारता मारता विचारलं, "मॅडम, नक्की ना? हे नेणारे बहुतेक जण आठवड्यात परत आणतात." असं म्हटल्यावर परत कोण आणून देणार!

सुरुवात होते 1805 च्या जुलै महिन्यात, पीटर्सबर्गमधल्या एका बाईंच्या दिवाणखान्यात. बाईंना सर्दी-खोकला झालाय, आणि जमलेली बडी मंडळी नेपोलियनच्या नावानं बोटं मोडतायत, तीही फ्रेंचमधून! ज्याच्याशी लढायचं त्याच्याच भाषेत. एकेका माणसाला तीन-तीन नावं: एक घरचं, एक बापाच्या नावावरून आलेलं, एक खानदानाचं. त्यात मॉड पतीपत्नींनी आंद्रेयचा 'अँड्र्यू' आणि निकोलायचा 'निकोलस' करून टाकलेला. शेवटी मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ मांडली आणि तो कागद भिंतीला टाचला. पाचशेच्या वर पात्रं आहेत म्हणे या कादंबरीत. कागद पुरला नाही, हे सांगायला नकोच.

त्या दिवाणखान्यात एक जाडा, चष्मेवाला, गोंधळलेला तरुण शिरतो. पिएर बेझुखॉव. एका श्रीमंत काउंटचा अनौरस मुलगा. कुठं काय बोलावं याचा पोच नाही. निघताना स्वतःच्या हॅटऐवजी कुणा जनरलची हॅट उचलतो आणि तिचा तुरा उपटत उभा राहतो. त्याच रात्री तो मित्रांच्या बैठकीत दारू पिऊन धिंगाणा घालतो, आणि मग ही मंडळी एका पोलीस अधिकाऱ्याला जिवंत अस्वलाच्या पाठीशी बांधून नदीत सोडतात. हा काही नायक नव्हे, असं ठरवून मी पुढं गेले. त्याचा मित्र आंद्रेय बोल्कोन्स्की देखणा, करारी, पण बायकोशी इतका तुटक वागतो की त्याच्यावर लोभ जडेना. उरला निकोलाय रोस्तोव. वीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा, आईचा लाडका, कॉलेज सोडून घोडदळात भरती झालेला. म्हटलं, हाच. याच्या नावाखाली मी कागदावर रेघ मारली.

आणि मग शॉनग्राबर्न आलं.

नोव्हेंबर 1805. ऑस्ट्रियाच्या भूमीवर रशियन सैन्य माघार घेतंय. मुख्य फौज निसटून जाईपर्यंत नेपोलियनच्या सैन्याला थोपवून धरण्याचं काम बाग्रातिओन या सेनापतीकडे आहे. त्याच्याजवळ माणसं अगदी थोडी. हा खरा इतिहास. त्या लढाईत निकोलायची तुकडी घोडे फेकते. तो तलवार उपसून, आता कापून काढतो एकेकाला, अशा जोशात. थोड्याच वेळात घोडा त्याच्याखाली कोसळतो, हाताला मार लागतो, आणि समोरून माणसं धावत येताना दिसतात. आधी त्याला वाटतं, ही मदतीला येतायत. मग एकाचं बाकदार नाक दिसतं, परका चेहरा दिसतो, आणि त्याच्या डोक्यात येतं, हे मला मारायला येतायत? मला, ज्याच्यावर सगळे इतकं प्रेम करतात? त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल आहे. ते तो झाडत नाही. दगड भिरकवावा तसं शत्रूच्या अंगावर भिरकावतो आणि झुडपांकडे जीव घेऊन पळत सुटतो.

मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या नायकानं पिस्तूल फेकून मारलं आणि पळाला! हसावं की चिडावं, कळेना. पण खरं सांगायचं तर त्या क्षणापासून ही कादंबरी माझ्या मानगुटीवर बसली. त्या पोराला लागलेला धक्का इतका ओळखीचा होता. जगाला आपण प्रिय आहोत असं धरून आपण सगळेच चालतो, आणि कुणीतरी आपल्याला मारायला उठलंय हे आधी खरंच वाटत नाही.

या प्रसंगाला पुढं एक शेपूट आहे, ते मला मूळ प्रसंगाहून भारी वाटलं. काही दिवसांनी निकोलाय मित्रांना भेटतो. ते विचारतात, सांग ना, लढाईत काय काय झालं? तो जसं घडलं तसंच सांगायचं ठरवून तोंड उघडतो. पण ऐकणाऱ्यांनी घोडदळाच्या हल्ल्यांची वर्णनं आधी शंभरदा ऐकलेली. त्यांना तशीच हवी असतात. घोड्यावरून पडलो, हात मुरगळला, पळालो, हे सांगितलं तर ते ऐकूनही घेणार नाहीत; नाहीतर ऐकतील आणि म्हणतील, याच्यातच काही कमी असेल. मग तो नकळत घसरतो. तलवार कशी चालवली, शत्रूच्या फळीत कसा घुसलो, याची रसभरीत कहाणी सुरू होते. तो लबाड नाही. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत जो साचा तयार असतो त्यात तो स्वतःला ओततो, इतकंच. त्याच लढाईनंतर एक रेजिमेंटचा प्रमुख आपण केलेल्या संगिनींच्या हल्ल्याचं वर्णन बाग्रातिओनला ऐकवतो. तसा हल्ला करायची त्याची इतकी मनापासून इच्छा होती की तो केलाच असं त्याला वाटू लागलेलं असतं.

टॉलस्टॉय हे कुठून शिकला, त्याचं उत्तर त्याच्या चरित्रात आहे. तो स्वतः तोफखान्यातला अधिकारी होता. क्रिमियाच्या युद्धात, 1854-55 मध्ये, सेवास्तोपोलच्या वेढ्यात तो चौथ्या बुरुजावर होता, आणि ती जागा सगळ्यांत वाईट मानली जाई. म्हणून असेल, पण या कादंबरीतल्या तोफा मला घोड्यांपेक्षा जास्त जिवंत वाटल्या.

आणि त्या तोफांपाशी मला तुशिन भेटला.

भेटला म्हणजे कसा, तर बूट काढलेला! लढाईच्या आधी आंद्रेय सेनेच्या पाहणीला निघालेला असतो. खाणंपिणं विकणाऱ्याच्या तंबूत काही अधिकारी वेळकाढूपणा करत बसलेले. त्यांत हा बुटका, किडकिडा, नुसत्या मोज्यांवर उभा असलेला कॅप्टन. वरचा अधिकारी झापतो, तेव्हा तो ओशाळवाणं हसतो आणि काहीतरी विनोद करायला जातो. तोही धड जमत नाही. लेखक त्याला आणखी काही बहाल करत नाही. ना रूप, ना आवाज, ना रुबाब. मी त्याचं नाव कागदावर लिहिलंसुद्धा नव्हतं.

लढाई पेटते. तुशिनच्या चार तोफा फळीच्या मधोमध. त्याला कुणी हुकूम दिलेला नाही. तो आपल्या सार्जंटशी बोलून, गाव पेटवून दिलं तर बरं पडेल, असं ठरवतो. शॉनग्राबर्न गाव पेटतं, आणि ती आग विझवण्यात फ्रेंच अडकून पडतात. तेवढ्यात कुणाच्या तरी हुकमानं त्याच्या बचावासाठी ठेवलेली पलटण उठून निघून जाते. त्याच्याकडे लक्षच नाही कुणाचं. फ्रेंचांना मात्र वाटतं, इतक्या निर्धास्तपणे मारा चाललाय म्हणजे रशियनांचं मुख्य बळ इथंच असणार. तासाभरात तोफांवरच्या चाळीस माणसांतली सतरा पडतात. आणि तुशिन? तोंडात आखूड चिलीम, कपाळावर हाताची झापड धरून समोर बघत, इकडून तिकडे पळत. त्याला भीती शिवत नाही, ती आवरायला तो धैर्यही गोळा करत नाही. तो चक्क खेळात रमलाय. शत्रूच्या तोफा म्हणजे कुणी अदृश्य माणूस ओढत असलेल्या चिलमी, हा धूर निघाला बघा! कडेच्या जुन्या, मोठ्या तोफेचं नाव त्यानं ठेवलंय मात्वेवना, एखाद्या म्हातारीला हाक मारावी तसं. त्याच्या मनातल्या त्या जगात तो स्वतः उंचापुरा, धिप्पाड असतो आणि दोन्ही हातांनी फ्रेंचांवर गोळे फेकत असतो.

माघारीचा हुकूम घेऊन एक अधिकारी येतो, लांबूनच ओरडतो, घोडा वळवतो आणि पळ काढतो. मग आंद्रेय येतो. तोही घाबरलेला असतो. पण घाबरून चालायचं नाही, असं स्वतःला बजावून तो घोड्यावरून उतरतो आणि तोफा जुंपायला मदत करतो. दोन तोफा निघतात, दोन तिथंच सोडाव्या लागतात. वाटेत हात दुखावलेला निकोलाय गयावया करत येतो, मला बसू द्या. तुशिन त्याला मात्वेवनाच्या गाड्यावर जागा देतो.

संध्याकाळी बाग्रातिओनसमोर तुशिनला बोलावणं. सगळे बडे अधिकारी एका झोपडीत जमलेले. आत शिरताना हा बिचारा निशाणाच्या काठीला अडखळतो, काही जण हसतात. आणि त्याला विचारलं काय जातं? तोफ का सोडून आलात? आत्ता कुठं त्याला उमगतं की आपण तोफा गमावल्या आणि तरी जिवंत आहोत, केवढी ही नामुष्की. माणसं नव्हती साहेब, एवढंच तो पुटपुटतो. बचावाच्या पलटणीतली घ्यायची होती, असं उत्तर मिळतं. पलटण तिथं नव्हतीच, हे सत्य तो सांगत नाही. सांगितलं तर दुसऱ्या कुणा अधिकाऱ्यावर शेकेल. चुकलेल्या पोरानं मास्तरांकडे बघावं तसा तो नुसता बघत राहतो.

सरकारी खात्यात जन्म घालवलेल्या माणसानं हे पान वाचावं. पुराच्या ड्युटीत रात्रभर गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या शिपायाला सकाळी 'टॉर्च कुठे हरवला' म्हणून मेमो निघालेला मी माझ्या टेबलावरून पुढं सरकवलेला आहे. आणि त्याच पुराच्या अहवालात, जो साहेब गाडीतून उतरलाच नाही त्याच्या नावापुढं 'प्रसंगावधान' हा शब्द मीच टाइप केलेला आहे. असो.

आंद्रेय मात्र बोलतो. मी तिथं होतो. दोन-तृतीयांश माणसं आणि घोडे पडलेले, दोन तोफांचा चुराडा, बचावाला कुणी नाही, आणि आजच्या यशाचं श्रेय सर्वांत जास्त याच तोफखान्याचं आणि कॅप्टन तुशिनचं आहे, असं तो स्पष्ट सांगतो आणि उत्तराची वाट न बघता उठतो. बाग्रातिओन तुशिनला, जा, एवढंच म्हणतो. बक्षीस नाही, शाबासकी नाही. बाहेर तुशिन आंद्रेयचे आभार मानतो, तर आंद्रेय त्याच्याकडे एकवार बघतो आणि न बोलता निघून जातो. त्याचं मन उदास झालेलं असतं. शौर्याबद्दल त्यानं जी स्वप्नं रंगवली होती, त्यांच्याशी यातलं काहीच जुळत नव्हतं.

माझंही काही जुळेना. कारण या प्रकरणात शौर्य कुणाचं? लेखकानं जवळजवळ तिठ्यावर आणून उभं केलं मला. निकोलायला वीर व्हायचं होतं, तो पळाला. रेजिमेंटचा प्रमुख वीर झालाच नाही, पण तसं सांगत सुटला. आणि जो झाला त्याला पत्ता नाही. त्याला वाटतंय आपण गुन्हा केला.

यानंतर मी नायक शोधायचं सोडून दिलं असतं, पण आंद्रेयनं पुन्हा आशा लावली. ऑस्टरलिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री तो स्वतःशी कबूल करतो की कीर्तीच्या एका क्षणासाठी बाप, बहीण, बायको, जी माणसं आपल्याला सर्वांत प्रिय आहेत ती सगळी आपण देऊन टाकू. इतकं नागवं सत्य मी कुठल्या नायकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो क्षण खरंच येतो. रशियन फळी मोडते, निशाण पडतं, तो ते उचलतो आणि धावतो. निशाण जड, काठी फरफटत जाते. सैनिक मागोमाग येतात. मग डोक्यावर दणका बसतो, आणि उताणा पडलेल्या त्याला दिसतं फक्त आभाळ, उंच, त्यावरून सरकणारे करडे ढग. हे आपण आजवर पाहिलंच कसं नाही, याचं त्याला नवल. नेपोलियन, त्याचा आदर्श, घोड्यावरून येऊन त्याच्याजवळ थांबतो, किती सुंदर मरण म्हणून कौतुक करतो, आणि त्या आभाळाखाली नेपोलियन त्याला इवलासा दिसतो.

इथं मला वाटलं, चला, हा बदलला. आपल्याकडच्या कथाकीर्तनात वाल्याचा वाल्मीकी होतो तो एकदाच. एकदा झाला की पुन्हा वाटमारी करायला जात नाही. आंद्रेय मात्र बदलतो, मिटतो, पुन्हा उमलतो, पुन्हा कडवट होतो. कीर्ती नको म्हणून शेतीवाडीत राहतो, तीनशे भूदासांना मुक्त करतो; वसंतात एका म्हाताऱ्या ओकाला बघून, आपलंही असंच संपलं, असं ठरवतो, आणि थोड्याच आठवड्यांत तोच ओक पालवलेला दिसल्यावर एकतिसाव्या वर्षी आयुष्य संपत नसतं, हेही ठरवतो. मग निकोलायच्या बहिणीवर, नताशावर जीव जडतो, ती दुसऱ्याबरोबर पळून जायला निघते म्हणून हा सूड घ्यायला हिंडतो. बोरोदिनोच्या मैदानावर, 1812 मध्ये, त्याची रेजिमेंट राखीव म्हणून उभी असते. एक गोळी न झाडता माणसं नुसती मरत असतात. धूर सोडणारा तोफगोळा त्याच्यापुढं येऊन पडतो, भोवऱ्यासारखा फिरतो. सगळे आडवे होतात. तो होत नाही. मला मरायचं नाही, मला हे गवत, ही हवा आवडते, असं त्याच्या मनात चाललेलं असतं आणि त्याच वेळी, लोक बघतायत, हेही. म्हणजे ते आभाळ बघून आल्यावरही 'लोक बघतायत' सुटलेलं नाही! माझ्या आईच्या तोंडी एक म्हण कायम असे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आंद्रेयची खरोखर तोवर गेली नाही.

निकोलायचा दुसरा प्रसंग थोडक्यात सांगते, कारण तो पहिल्याचीच दुसरी बाजू आहे. सात वर्षांनी, मुरलेला अधिकारी झाल्यावर, तो ओस्त्रोवनोच्या लढाईत हुकमाशिवाय हल्ला चढवतो आणि एका फ्रेंच अधिकाऱ्याला कैद करतो. त्या फ्रेंचाच्या हनुवटीला खळी, डोळे निळे, चेहरा रणांगणावरचा नसून घरातल्या माजघरातला. निकोलायला वाटतं आता शिक्षा होणार. मिळतो सेंट जॉर्ज क्रॉस. पदक छातीवर आणि मनात खुपत राहिलेली ती खळी. हेच ते शौर्य? मी हे देशासाठी केलं का? त्या माणसाचा काय गुन्हा होता? पळाला तेव्हा तो घाबरला होता, जिंकला तेव्हा अस्वस्थ झाला. उत्तर त्याला सापडत नाही. तोवर बढती मिळते आणि प्रश्न बाजूला पडतो, हे लिहायलाही टॉलस्टॉय विसरलेला नाही.

मग डोलोखोव. या माणसानं माझी झोप उडवली. जुगारी, मारामाऱ्या करणारा, थंड डोळ्यांचा. पैजेखातर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, बाहेर पाय सोडून, कशाला न धरता रमची आख्खी बाटली पिणारा. तो पिएरच्या बायकोच्या भानगडीत सापडतो, आणि ज्यानं पिस्तूल कधी हातात धरलं नाही तो पिएर द्वंद्वात त्याला गोळी घालतो. वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण जखमी डोलोखोव बर्फगाडीत रडायला लागतो, माझी आई, माझी आई हे सहन करणार नाही म्हणून. आणि कळतं की हा गुंड मॉस्कोत म्हाताऱ्या आईबरोबर आणि कुबड्या बहिणीबरोबर राहतो, त्याच्याइतका मायाळू मुलगा आणि भाऊ शोधून सापडायचा नाही. बरा झाल्यावर हाच डोलोखोव पत्त्यांच्या एका बैठकीत निकोलायला थंडपणे लुबाडतो, आणि पुढं युद्धात हात वर केलेल्या कैद्यांना जिवंत ठेवत नाही. स्वभाव बदलला नाही. दोन्ही स्वभाव त्याचेच, एकाच अंगरख्याचे. कुठला खरा, हे मी कितीदा तरी स्वतःला विचारलं.

त्याच्याच शेजारी पेत्या रोस्तोव ठेवलाय, निकोलायचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या वयाचा. छापामार टोळीत आल्यावर सगळ्यांना बेदाणे वाटत सुटतो, छान आहेत, घ्या ना सगळे. पकडलेल्या फ्रेंच ढोलकीवाल्या पोराला जेवायला मिळालं का, याची त्याला काळजी. सकाळी पहिल्याच हल्ल्यात, थांब म्हटलेलं असताना, वीर व्हायला पुढं घुसतो आणि मरतो. त्या हल्ल्यात सुटका झालेल्या कैद्यांत पिएर असतो. एकाच पहाटे हे दोन्ही. लेखक त्यातून कुठलाही अर्थ काढून दाखवत नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

पिएरबद्दल मात्र मी त्या भिंतीवरच्या कागदावर एवढ्या खाडाखोडी केल्या की शेवटी ते नाव वाचता येईना. तो दर शे-दोनशे पानांनी नवा माणूस होतो. वारसा मिळून एका रात्रीत रशियातल्या मोठ्या धनिकांपैकी एक होतो. फ्रीमेसन होऊन स्वतःला सुधारायला निघतो. कीवकडच्या जमिनींवर भूदासांसाठी शाळा, दवाखाने काढतो, आणि दिवाण त्याला देखाव्याच्या इमारती दाखवून गुंडाळतो. जे आंद्रेयनं गाजावाजा न करता करून टाकलं, ते याला डोळ्यांत पाणी आणूनही जमत नाही. 1812 मध्ये अक्षरांना आकडे देऊन नेपोलियनच्या नावाची बेरीज 666 येते म्हणतात, तर आपल्याही नावाची तेवढीच येते का, हे तो पाहतो. येत नाही तर अक्षरांत थोडी चलाखी करून आणतो! आणि ठरवतो की नेपोलियनचा वध आपल्याच हातून व्हायचाय. हिरवा कोट आणि पांढरी हॅट घालून बोरोदिनोच्या तोफांमध्ये सहलीला आल्यासारखा हिंडतो. तिथं एका फ्रेंच अधिकाऱ्याशी त्याची टक्कर होते, दोघं एकमेकांची मानगूट धरतात, आणि कुणी कुणाला पकडलंय, हे दोघांनाही कळत नाही.

मॉस्को जळत असताना हा खंजीर घेऊन नेपोलियनला मारायला निघतो आणि वाटेत एका आगीतून एक आजारी, किंचाळणारी, चावणारी मुलगी उचलून आणतो. तिची शिसारी आणि कीव त्याला एकदमच येते. नेपोलियन राहतो बाजूला, आणि हा कैद होतो. कैदेत त्याला करातायेव नावाचा साधा शिपाई भेटतो. तो त्याला भाजलेले बटाटे देतो, वर मीठ कसं भुरभुरायचं तेही दाखवतो. पिएरला वाटतं, जगण्याचा अर्थ सापडला. चला, इथं तरी गाडी रुळावर आली, असं मी म्हणते तोच पुढच्या पायपिटीत करातायेव आजारी पडतो, चालू शकत नाही, झाडाला टेकून बसतो आणि पिएरकडे बघतो. पिएर न दिसल्यासारखं करून पुढं जातो. मागून गोळीचा आवाज येतो. करातायेवचा कुत्रा रडायला लागतो. पिएर मागं वळून बघत नाही. स्मोलेन्स्कला किती टप्पे उरले, हा अर्धवट राहिलेला हिशोब त्याच्या डोक्यात येतो.

हे वाचून मी त्याचा राग केला नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तशी ही कादंबरी काही औषध देत नाही. पण रोग्याला बरा आणि आजारी अशा दोन खोल्यांत ठेवतही नाही. त्या मुलीसाठी आगीत शिरलेला आणि करातायेवकडे पाठ फिरवलेला पिएर एकच. शौर्य कुणाच्या मालकीचं नसतं, ते एखाद्या घटकेला कुणाकडेही येतं आणि निघून जातं. येतं तेव्हा त्या माणसाला बहुधा दुसऱ्याच कशाची तरी गडबड असते.

आता माझं भांडण. ते टॉलस्टॉयशीच आहे आणि मी ते मागं घेणार नाही.

मॉस्को सोडताना रोस्तोवांच्या गाड्यांवर गालिचे, चिनी मातीची भांडी चढत असतात आणि अंगणात जखमी सैनिक पडलेले असतात. नताशा आईवर कडाडते, सामान उतरवायला लावते आणि गाड्या जखमींना मिळतात. हे पान मला अतिशय आवडतं. तीच नताशा उपसंहारात 1820 साली चार मुलांची आई झालेली, स्थूल, गाणं सोडलेली, दुपट्यावरचा डाग हिरव्याचा पिवळा झाला म्हणून आनंदानं ते सगळ्यांना दाखवणारी. यावर अनेकींना राग येतो. मला तेवढा आला नाही. आजारी पोर बरं होत असताना असा आनंद मीही केलाय. मला राग आला तो सोन्याच्या बाबतीत. ही रोस्तोवांच्या घरात वाढलेली गरीब नातेवाईक मुलगी. निकोलायवर तिचं लहानपणापासून प्रेम. घराची सांपत्तिक स्थिती ढासळल्यावर निकोलायची आई, काउंटेस, तिला छळ छळ छळते आणि शेवटी ती निकोलायला वचनातून मोकळं करणारं पत्र लिहिते. लेखक मात्र लगेच त्यात तिचा थोडा हिशोबही होता, असं दाखवून देतो. असेलही. पुढं ती निकोलायच्या संसारात, त्याच्या बायकोच्या घरात, म्हाताऱ्या काउंटेसची आणि मुलांची उस्तवार करत राहते. आणि टॉलस्टॉय काय म्हणतो? ती मांजरासारखी माणसांना नव्हे, घराला चिकटली. नताशाकरवी तिला वांझ फुलाची उपमाही देववतो. म्हणजे तोफ सोडून आल्याबद्दल तुशिनला बोल लावणाऱ्या झोपडीत जो लेखक आंद्रेयला उठून बोलायला लावतो, तोच इथं स्वतः बाग्रातिओनच्या खुर्चीत बसतो. रणांगणातला तुशिन त्याला दिसला, घरातली तुशिन दिसली नाही. सोन्यासाठी या हजारावर पानांत कुणीही उठून बोलत नाही.

माझ्या मते या कादंबरीतली ही एवढी एक जागा खोटी आहे. बाकी सगळ्यांना बदलायची मुभा आहे, अगदी डोलोखोवलाही, सोन्याला नाही.

तुम्ही हे पुस्तक घेणार असाल तर नावांचा कागद आधी करा आणि मोठा घ्या. पहिल्या दिवाणखान्यातली माणसं लक्षात राहिली नाहीत तरी अडत नाही. पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात तुशिन येतो, तोपर्यंत काही झालं तरी पुस्तक परत करू नका. अगदी शेवटी, दुसऱ्या उपसंहारात, इतिहास आणि स्वातंत्र्य यांवर बारा प्रकरणांचं प्रवचन आहे. ते पहिल्या वाचनात सोडलंत तर कुणी मेमो काढणार नाही. आणि वाचून झाल्यावर सोन्याची बाजू तुम्हाला वेगळी दिसली, टॉलस्टॉयचंच बरोबर वाटलं, तर मला जरूर सांगा. मला वाद घालायचाय.